वाचक विचारतात : वावराखाली थर कोणता?

या महिन्याच्या टपालात पाणीच जास्त आहे, आणि बहुतेक पत्रांत एकच घोळ दिसतो. एका गावात जमलेली युक्ती दुसऱ्या गावात जशीच्या तशी नेली जाते, पण खालचा दगड मात्र बदललेला असतो. म्हणून पाण्याची उत्तरं सविस्तर दिली आहेत आणि बाकीची आटोपशीर ठेवली आहेत.

प्रश्न : दर दोन-तीन वर्षांनी ट्यूबवेल खोल करावी लागते. एके ठिकाणी वाचून वावरात दोन मीटर खोल शोषखड्डा घेतला, दगड-वाळू भरली. दोन पावसाळे झाले, पाणी खड्ड्यात आठ-आठ दिवस उभंच राहतं. काय चुकलं? (केळी उत्पादक, यावल तालुका)

खड्डा बरोबर आहे, जागा चुकली. तापीच्या उत्तरेला सातपुड्याच्या अगदी पायथ्याशी दगडगोटे आणि भरड वाळूचा पट्टा आहे. भूशास्त्रात त्याला बझाडा म्हणतात. डोंगरातून आलेले नाले इथे पोचले की जिरून जातात. त्याच्या खाली नदीपर्यंत तापीचा गाळ आहे. या गाळात चिकणमाती आणि वाळू-रेतीचे थर आलटून पालटून बसलेत. तापी ओलांडून दक्षिणेला काही अंतर गेलं की काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट. तुम्ही वाचलेला खड्डा बेसाल्टावरच्या मुरमाड जमिनीसाठी आहे. तुमच्या वावरात वरून कित्येक मीटर पिवळी चिकणमाती असणार, आणि दोन मीटरचा खड्डा तिच्या पोटातच संपला.

आधी एक सोपी परीक्षा करा. एक फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा घ्या. पाणी भरून पूर्ण जिरू द्या. पुन्हा भरा आणि तासाभरात पातळी किती उतरली ते पट्टीने मोजा. एक सेंटिमीटरही उतरली नाही तर तिथे शोषखड्ड्यावर पैसे घालू नका. ट्यूबवेल घेतली तेव्हा ड्रिलरने कोणत्या खोलीवर जाळीचा पाइप बसवला, हेही विचारा. जाळी जिथे आहे तिथे वाळू आहे, आणि पाणी तिथपर्यंत पोचवायचंय. (पाणाड्याच्या हातातल्या नारळापेक्षा ड्रिलरची वही जास्त बोलते. नवीन ट्यूबवेल घेताना दर तीन मीटरला निघणारी माती छोट्या पिशव्यांत भरून, खोली लिहून ठेवा.)

चिकणमाती यंत्राच्या आवाक्यात संपत असेल तर पुनर्भरण शाफ्ट, म्हणजे पाणी थेट खालच्या वाळूत उतरवणारा उभा खोल खड्डा, घ्या. व्यास एक ते तीन मीटर ठेवा. खोली चिकणमाती ओलांडून वाळूत एक-दोन मीटर जाईल इतकी, पण तळ भूजलाच्या पातळीच्या वर राहिला पाहिजे. भरताना तळाला ५ ते २० सेंटिमीटरचे गोटे, त्यावर ५ ते १० मिलिमीटरची खडी आणि सर्वांत वर दीड-दोन मिलिमीटरची भरड वाळू. गाळाच्या जमिनीत उभ्या भिंती कधी ढासळतील याचा नेम नसतो. माणूस आत उतरवू नका, भराई वरूनच करा. चिकणमाती फार जाड असेल तर चर खणून त्याच्या मध्यभागी बोअर घेऊन वाळूच्या थरासमोर जाळीचा पाइप बसवतात. आटलेली जुनी ट्यूबवेलही यासाठी चालते. पंप काढा, तोंडाभोवती दोन मीटर लांब, रुंद आणि खोल गाळणीचा खड्डा घ्या, खड्ड्यात येणाऱ्या पाइपला भोकं पाडून त्यावर काथ्या गुंडाळा.

शाफ्ट बंद पडतो तो गाळाने. त्यामुळे त्याच्या आधी गाळ बसायला स्वतंत्र टाकी हवीच, आणि पावसाळा संपला की वरची १५ ते २० सेंटिमीटर वाळू खरवडून धुऊन परत टाकायची. हे दोन वर्षं चुकवलं की शाफ्ट म्हणजे पुन्हा डबकं. केळीच्या वावरातून निघालेलं खत-औषधाचं पाणी शाफ्टात मुळीच सोडू नका. मातीतून गाळलं न जाता ते थेट पिण्याच्या पाण्याच्या थरात उतरतं. छपराचं आणि नाल्याचं, पहिले दोन पाऊस सोडून आलेलं पाणी घ्या. १०० चौरस मीटर पत्र्यावर ७०० मिलिमीटर पाऊस पडला आणि ८० टक्के हाती लागला तर वर्षाला ५६,००० लिटर होतात. मे महिन्यात एकरभर केळीलाही ते दोन दिवस पुरायचं नाही, हेही आत्ताच सांगून ठेवतो.

म्हणूनच आमचं मत असं : तुमच्या गाळातल्या वाळूच्या थरांचं तोंड वर बझाड्यात उघडतं. वरच्या नाल्यांवर गावांनी मिळून केलेल्या बंधाऱ्यांचा फायदा एकट्या वावरातल्या शाफ्टाहून कितीतरी मोठा असतो. यावल आणि रावेर हे तालुके भूजलाच्या शासकीय वर्गवारीत अतिशोषित, म्हणजे मुरतं त्याहून जास्त उपसा असलेले, म्हणून नोंदले गेले आहेत. ट्यूबवेल आणखी खोल करण्यापूर्वी महाराष्ट्र भूजल अधिनियम, २००९ पाहा. शेतीसाठी ६० मीटरपेक्षा खोल विहिरीला त्यात मनाई आहे, आणि सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर घेण्यावर निर्बंध आहेत.

प्रश्न : आमची जमीन मुरमाड आहे, उघडी विहीर आहे. नाल्याचं पाणी थेट विहिरीत सोडलं तर चालेल का? (पारोळा तालुका)

थेट नको. एका हंगामात विहिरीच्या तळाला गाळ साचून झरे बुजतात. नाल्याकडून आधी दीड मीटर लांब, एक मीटर रुंद, एक मीटर खोल खड्डा घ्या, तिथे जड गाळ बसेल. मग विहिरीपासून दोन-तीन मीटरवर दोन मीटर लांब, रुंद आणि खोल असा मुख्य खड्डा. तळाशी मोठे दगड, मध्ये लहान दगड आणि वर वाळू, प्रत्येकी ६० सेंटिमीटर. तळातून चार इंची पाइप विहिरीत काढा. तो भिंतीतून विहिरीच्या आत अर्धा मीटर पुढे आलेला असू द्या, नाहीतर पडणारी धार बांधकाम पोखरते. गोठ्याचं किंवा वस्तीचं सांडपाणी येणारा नाला असेल तर हा प्रयोग करूच नका.

प्रश्न : शिरपूर पॅटर्नसारखं आमच्या नाल्याचं खोलीकरण करायचं आहे. पोकलेन मिळतोय. किती खोल खणावं? (शिंदखेडा तालुका)

पोकलेन मिळतोय म्हणून खोली ठरवायची नसते. शिरपूर तालुक्यात २००४ पासून भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांच्या मार्गदर्शनाखाली नाले २० ते ३० मीटर रुंद, १० ते १५ मीटर खोल केले गेले आणि त्यावर ओळीने बिनदाराचे सिमेंट बंधारे बांधले गेले. पण त्यामागे थरांचा अभ्यास होता. कुठे पाणी न झिरपू देणारी पिवळी माती फोडायची, कुठे कठीण पाषाणाचा थर ओलांडायचा, हे जागा पाहून ठरलं. बाकीच्यांनी त्यातलं यंत्र तेवढं उचललं. सरकारी नाला खोलीकरणाच्या कामांना तीन मीटरची मर्यादा घालावी लागली ती उगाच नाही.

नाल्याच्या दोन्ही बाजूंना २०० मीटरच्या आतल्या सगळ्या विहिरींची पातळी ऑक्टोबरात आणि मे महिन्यात मोजा. नाल्याचा तळ ऑक्टोबरातल्या पातळीच्या खाली गेला, तर हिवाळाभर विहिरींचं पाणी पाझरून नाल्यात येईल, तिथून उन्हात उडेल किंवा वाहून जाईल. पहिल्या वर्षी नाल्यात तुडुंब पाणी बघून लोक पेढे वाटतात, पण ते विहिरींचंच पाणी असतं. खणताना मुरूम संपून अखंड काळा दगड लागला तर थांबा. त्यात पाणी मुरत नाही, नुसतं साठतं. सलग खणू नका, अधूनमधून न खणलेले पट्टे ठेवा म्हणजे पुराचा जोर मोडतो. काठ उभे न कापता उतरते ठेवा. निघालेली माती काठावर ढीग करून सोडली तर पहिल्याच पुरात परत आत येते. ती त्याच महिन्यात वावरांत पसरवा. आणि नाल्यातली वाळू विकू नका. पुराचं पाणी जिरवते ती तीच.

प्रश्न : गावात पाण्याचा ताळेबंद मांडायला सांगितलं आहे. तो कागदापुरता न राहता खरा कसा मांडायचा? आमचा भाग बेसाल्टाचा. (ग्रामपंचायत सदस्य, साक्री तालुका)

आकडेमोड अवघड नाही. तिचं उत्तर पचवणं अवघड आहे. गावाचं क्षेत्र १,००० हेक्टर आणि पाऊस ६५० मिलिमीटर धरू. पडलेलं पाणी ६५ लाख घनमीटर. भूजल मोजणीच्या निकषांत बेसाल्टात पावसाच्या साधारण ७ ते १३ टक्के पाणी मुरतं असं धरतात, आपण १० घेऊ. म्हणजे साडेसहा लाख घनमीटर. यातलं सगळं उपसायचं नसतं. नदी-नाल्यांचा वाहता झरा आणि वाईट वर्षाची शिल्लक यांसाठी ३० टक्के सोडा. उरले साधारण साडेचार लाख. २,००० माणसांना रोज ५५ लिटर आणि १,००० जनावरांना रोज ४० लिटर धरले तर वर्षाला ५५,००० घनमीटर. हा आकडा सगळ्यांत आधी वजा करायचा. शेतीला राहिले जेमतेम चार लाख घनमीटर.

आता पिकं. हरभऱ्याला ६० मिलिमीटरची दोन पाणी दिली तर हेक्टरी १,२०० घनमीटर. गव्हाला सहा पाण्यांत ४,००० च्या आसपास. केळीला ठिबकवरही हेक्टरी १५,००० घनमीटरच्या घरात जातं. म्हणजे या गावाचं भूजल ३३० हेक्टर हरभऱ्याला पुरतं, किंवा १०० हेक्टर गव्हाला, किंवा २७ हेक्टर केळीला. यातलं एकच. ठिबकने पाणी वाचतं हे खरं, पण वाचलेल्या पाण्यावर केळीचं क्षेत्र वाढवलं तर गावाची शिल्लक जिथल्या तिथे राहते. आपल्या भागात हे सर्रास घडतं आणि अनुदानाच्या कागदावर ते दिसत नाही.

खऱ्या आकड्यांसाठी तीन गोष्टी लागतात. पर्जन्यमापक गावातच हवा, कारण तालुक्याचा पाऊस आणि तुमचा पाऊस वेगळा असू शकतो. गावाच्या वरच्या, मधल्या आणि खालच्या भागातल्या मिळून आठ-दहा विहिरींची पातळी दर महिन्याच्या ठरावीक तारखेला, पंप बंद असताना सकाळी मोजा. पिकांचं क्षेत्र सातबाऱ्यावरून न घेता शिवारात फिरून लिहा. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात आकडे ग्रामसभेपुढे आले पाहिजेत. रब्बीची पेरणी झाल्यावर ताळेबंद वाचणं म्हणजे वरात गेल्यावर घोडं सजवणं.

वाटप कसं करायचं हे शिकायला लांब जायची गरज नाही. पांझरेच्या खोऱ्यातली फड पद्धत तुमच्याच तालुक्यातली आहे, काही शतकं जुनी. बंधाऱ्यातून पाट, पाटावरून चाऱ्या, आणि भिजणारी जमीन फडांत वाटलेली. एका फडात एका हंगामात एकच पीक आणि ते कोणतं हे सगळे मिळून ठरवणार. पाणी द्यायला पाटकरी, राखणीला जागल्या, त्यांचा मोबदला लाभधारकांकडून. पाणी कमी असलं की सगळे फड थोडेथोडे भिजवण्याऐवजी एखादा फड पूर्ण कोरडा ठेवायचा. प्रत्येकाची जमीन प्रत्येक फडात थोडी-थोडी असल्याने तोटा कुणा एकाच्या माथी पडत नसे. विहिरींच्या पाण्याला हा नियम लावणं कठीण, कारण पंप ज्याच्या त्याच्या बांधावर असतो. तरी निदान 'उन्हाळी पीक कुणीच घ्यायचं नाही' एवढा एक ठराव बऱ्याच गावांना झेपेल.

प्रश्न : मे महिन्यात केळीला ठिबकने रोज किती तास पाणी द्यावं? ड्रिपरवर पांढरा थर बसतो, आम्ल सोडायचं तर प्रमाण काय? (रावेर तालुका)

तास शेजाऱ्याला विचारून ठरवू नका. दीड बाय दीड मीटरवर लागवड असेल तर एका झाडाचं क्षेत्र २.२५ चौरस मीटर. रोजचं बाष्पीभवन १२ मिलिमीटर धरून त्याला ०.७ ने आणि पूर्ण वाढलेल्या झाडासाठी १ ने गुणा, मग झाडाच्या क्षेत्राने गुणा. जवळपास १९ लिटर येतात. ठिबकची कार्यक्षमता ९० टक्के धरली तर २१ लिटर. झाडाला ताशी चार लिटरचे दोन ड्रिपर असतील तर दोन तास चाळीस मिनिटं पुरे. झाड लहान असेल तेव्हा शेवटचा गुणक १ ऐवजी कमी धरायचा.

पांढऱ्या थरावर आम्लाचा थेंब टाका. फसफसलं तर चुना आहे. बुळबुळीत शेवाळ असेल तर आम्लाने काम होत नाही, तिथे क्लोरीन लागतं. आणि पाणी जड असताना ब्लीचिंग पावडरपेक्षा सोडियम हायपोक्लोराइट बरं, कारण पावडरीतूनही चुनाच आत जातो.

आम्लाचं प्रमाण बादलीत काढा. तुमच्याच विहिरीचं दहा लिटर पाणी घ्या, इंजेक्शनच्या सिरिंजने एक-एक मिलिलिटर हायड्रोक्लोरिक आम्ल टाकत ढवळा आणि सामू (पीएच) ४ वर येईपर्यंत सामूचा कागद बुडवत राहा. समजा १२ मिलिलिटर लागलं, तर प्रमाण लिटरला १.२ मिलिलिटर. एकरी १,८०० झाडांना आठ लिटरप्रमाणे ताशी १४,४०० लिटर पाणी जातं, पंधरा मिनिटांत ३,६००. म्हणजे एकराला सव्वाचार लिटरच्या आसपास आम्ल. ते व्हेंच्युरीतून (ठिबकच्या पाण्यात खत-आम्ल ओढून घेणाऱ्या नळीतून) सोडा, शेवटच्या ड्रिपरच्या पाण्याचा सामू तपासा, ४ दिसला की पंप बंद करून २४ तास तसंच ठेवा. मग सब-मेनचा फ्लश व्हॉल्व्ह आणि प्रत्येक नळीचं शेवटचं टोक उघडून स्वच्छ पाणी येईपर्यंत धुवा. धुणं राहिलं तर सुटलेला चुना पुढच्या ड्रिपरमध्ये जाऊन बसतो, आणि लोक म्हणतात आम्लाने ठिबक आणखीच चोक झालं.

नेहमी पाण्यात आम्ल ओता, आम्लात पाणी कधीच नाही. हातमोजे आणि चष्मा लावा. आम्ल आणि क्लोरीन एकाच दिवशी, एकाच टाकीतून देऊ नका. दोन्ही एकत्र आले की विषारी वायू निघतो.

प्रश्न : घड कापल्यावर केळीची खोडं बांधावर आणि नाल्यात फेकली जातात. त्यांचं काय करावं? (चोपडा तालुका)

पिलबाग, म्हणजे त्याच कंदाच्या पिलांवर पुढचं पीक, घेणार असाल तर घाई नको. घड उतरल्यावर खोड बुडातून न कापता मीटर-दीड मीटरचं ठेवा. त्यातलं पाणी आणि अन्न पिलाकडे जातं. महिना-दीड महिन्यात ते सुकत येतं, मग कापा. बांधावर आख्खी खोडं पडली की त्यांत सोंडकिडा वाढतो. निदान उभी चिरून टाका म्हणजे लवकर वाळतील.

खत करायचं तर खोडाचे दोन-तीन इंची तुकडे करा. खोडात नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं, नुसत्या खोडांचा ढीग सडून वास मारतो. तीन दिवस उन्हात मरगळू द्या आणि पऱ्हाटीचा (कपाशीच्या वाळल्या झाडांचा) भुगा किंवा हरभऱ्याचं कुटार मिसळा. दीड मीटर रुंद आणि एक मीटर उंच ढीग करा. दर फूटभराच्या थरावर शेणकाला शिंपडा. टनाला एक किलो कंपोस्ट कल्चर टाका. दर पंधरा-वीस दिवसांनी पलटी द्या, तीन-चार महिन्यांत खत तयार होतं. ढिगाखालून काळं पाणी निथळलं तर समजा सुकं कमी पडलंय. हे खत पालाशाने भरलेलं असतं, म्हणून पुढच्या बागेचं पोटॅश ठरवताना आधी माती तपासून घ्या.

सीएमव्ही (कुकुंबर मोझॅक व्हायरस) झालेली, म्हणजे पानांवर पिवळे पट्टे येऊन पोंगा सडलेली झाडं मात्र ढिगात नकोत. ती कंदासकट उपटून खोल पुरा. वर राहिलेला कंद पुन्हा फुटतो आणि मावा तिथून रोग पुढे नेतो. बागेत काकडी, भोपळा, टोमॅटो, मिरची हे आंतरपीक म्हणून घेऊ नका, त्यांवरही हाच विषाणू राहतो.

प्रश्न : पऱ्हाट्या पेटवू नका म्हणतात, पण मग ठेवायच्या कुठे? (एरंडोल तालुका)

बांधावर तर नकोच. राहिलेल्या बोंडांत गुलाबी बोंडअळी सुप्तावस्थेत बसते. वेचणी संपताच श्रेडरने वावरातच भुगा करा. ट्रॅक्टर मिळत नसेल तर चार-पाच जणांनी मिळून भाड्याने आणा. चुलीसाठी ठेवायच्याच असतील तर बोंडं झाडून, ती जाळून, मगच रचा.

प्रश्न : मोहफुलं वेचायला झाडाखाली आग लावतात आणि ती डोंगरभर जाते. सांगून कुणी ऐकत नाही. (शिक्षक, धडगाव तालुका)

ऐकत नाहीत, कारण आग लावणाऱ्याची अडचण खरी असते. मार्च-एप्रिलात पहाटे फुलं पडतात. पाल्यात ती दिसत नाहीत आणि उशीर झाला की जनावरं खातात. पर्याय तितकाच स्वस्त असेल तरच आग थांबेल.

फेब्रुवारीच्या शेवटी, फुलं पडण्याआधी झाडाच्या विस्ताराच्या मीटरभर बाहेरपर्यंत पाला झाडून काढा. दोन माणसांचं एका झाडाला तासाभराचं काम. तो पाला वावरात किंवा खताच्या खड्ड्यात न्या. मग जुन्या साड्या शिवून किंवा शेडनेट घेऊन चारी कोपरे कमरेएवढ्या उंचीवर बांधा, मधोमध झोळ राहू द्या. फुलं मातीला लागत नाहीत, वेचायचा वेळ वाचतो, आणि खडे-माती नसलेल्या मालाला व्यापारी पाडून भाव मागू शकत नाही. हे शेवटचं कारण आधी सांगा. जंगल वाचेल हे नंतर.

झाडाखाली दरवर्षी आग लागली की मोहाची रोपं जगत नाहीत. डोंगरावर म्हातारी झाडं उभी आणि खाली एकही पोर नाही, हे चित्र तुमच्या भागात डोळ्यांनी दिसतं. म्हणून दर दहा मोठ्या झाडांमागे चार-पाच रोपांना काट्याचं कुंपण करा, पहिली तीन-चार वर्षं.

नियम ग्रामसभेने करावा, बाहेरच्याने नाही. वनहक्क कायदा २००६ च्या कलम ५ ने जंगल राखण्याचा अधिकार ग्रामसभेला दिला आहे. सामूहिक वनहक्काचा दावा अजून केला नसेल तर आधी तो करा. त्या ग्रामसभेला निम्मे सदस्य हजर लागतात आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश महिला, नाहीतर दावा गणपूर्तीवरच परत येतो. साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याने जंगल राखलं ते गावाने स्वतः ठरवलेल्या दंडाच्या आणि राखणीच्या बळावर. त्या कामासाठी चैत्राम पवार यांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली. धडगावहून एक दिवसात जाऊन येता येईल. आग लावणाऱ्या घरांतल्याच दोघांना सोबत न्या.

वेचलेली फुलं स्वच्छ ताडपत्रीवर तीन-चार दिवस वाळवा. मुठीत दाबून सोडल्यावर एकमेकांना चिकटली नाहीत की पोत्यात भरा. ओलसर भरली तर आठवड्यात बुरशी येते, आणि मग साड्या बांधण्याची सगळी मेहनत व्यापाऱ्याच्या काट्यावर वाया जाते.